वॉर्डात गोवर होता, आम्हाला का नाही सांगितलं?

रानजाई | सोमवार, रात्री ११.१०

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज लिहितेय, कारण डोकं शांत होत नाहीये.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा साडेसात महिन्यांचा. जुलाब-उलट्यांनी पार मलूल झाला म्हणून मध्यंतरी एका खासगी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात ठेवला होता. सहा खाटा, एसी, खिडक्या बंद. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर दीड-दोन वर्षांची मुलगी आली. सणसणून ताप, कोरडा खोकला, डोळे लालबुंद, नाक गळतंय. तिची आई आणि माझी बहीण यांची लगेच गट्टी जमली. एकीने दोन्ही पोरांकडे बघायचं, दुसरीने खाली जाऊन थर्मासमधून चहा आणायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीच्या कानामागे आणि कपाळावर पुरळ उठलं. रात्री दोनच्या सुमाराला तिला दुसरीकडे हलवलं. सकाळी मावशी रोजच्यापेक्षा दुप्पट फिनेल टाकून फरशी पुसत होत्या. बहिणीने विचारलं, "काय झालं हो तिला?" सिस्टर म्हणाल्या, "काही नाही, औषधाची ॲलर्जी आलीय." दुपारी आमचा डिस्चार्ज झाला.

घरी आल्यावर नवव्या दिवशी बाळाला ताप आला. मग खोकला, मग डोळे, मग पुरळ. गोवर. त्यावर न्यूमोनिया. दुसऱ्या रुग्णालयात नऊ दिवस, त्यातले तीन ऑक्सिजनवर. आता घरी आहे. वजन उतरलंय, पण हसायला लागलाय.

त्या दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तारखा विचारल्या, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, "तुम्हाला तेव्हा कुणीच काही बोललं नाही? वेळेत कळलं असतं तर लस टोचून बघता आली असती." तेव्हापासून बहीण रात्री उठून बसते.

पहिल्या रुग्णालयाला पत्र दिलं. उत्तर आलं, "अन्य रुग्णाची वैद्यकीय माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही." मला त्या मुलीचं नाव कशाला हवंय? बहिणीला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, घरी काय हाक मारतात तेसुद्धा. "या वॉर्डात गोवराचा संशय आहे, बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा" एवढं एक वाक्य हवं होतं. मी चुकतेय का? की सगळीकडे असंच चालतं?

शनिवारपेठी | सोमवार, रात्री ११.२५

रुग्णालयाचं नाव टाका. बाकी सगळं शोभेचं.

चहाटळ | सोमवार, रात्री ११.३१

फिनेल म्हणजे आपल्याकडचा राष्ट्रीय प्रोटोकॉल. गोवर असो, कोरोना असो, मंत्र्यांची भेट असो.

संपादक मंडळ | सोमवार, रात्री ११.५०

धाग्यावर कुठल्याही रुग्णालयाचं किंवा डॉक्टरांचं नाव, आडून सुचवलेला पत्ता, "तेच ते चौकातलं" वगैरे येऊ देऊ नये. असे प्रतिसाद उडवले जातील. रानजाई, बाळाला लवकर बरं वाटो.

बाळगुटी | मंगळवार, सकाळी ६.४०

रानजाई ताई, मी जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. ओपीडी सुरू व्हायच्या आत लिहून टाकतो.

तुम्ही चुकत नाही आहात. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत राहू शकतो. संरक्षण नसलेली दहा माणसं जवळ वावरली तर त्यातल्या नऊ जणांना तो गाठतो. पुरळ उठायच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस रुग्ण तो पसरवत असतो. म्हणजे पुरळ दिसलं त्या संध्याकाळपर्यंत जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलं होतं, आणि बंद खिडक्यांच्या एसी वॉर्डात तर विचारूच नका. फरशी बिचारी निर्दोष होती.

आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. साडेसात महिन्यांच्या बाळाची मधल्या मध्ये कोंडी होते. आईकडून आलेलं संरक्षण ओसरलेलं असतं आणि लसीचं अजून मिळालेलं नसतं. म्हणूनच संपर्क झाल्यापासून ७२ तासांच्या आत सहा महिन्यांवरच्या बाळाला लस देता येते, किंवा सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. दुसरं महाग आहे आणि सगळीकडे मिळतही नाही. पण लसीची कुपी प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या फ्रीजमध्ये असते. तुमच्या तारखा बघता डिस्चार्जच्या दुपारी वेळ शिल्लक होती. लसीने आजार नक्की टळला असता असं मी म्हणणार नाही, पण टळण्याची किंवा सौम्य होण्याची संधी होती. ती बाळाची होती, आणि रुग्णालयाने परस्पर घालवली.

२०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीकडे गोवर उसळला, भिवंडी-मालेगावातही होता. तेव्हा केंद्राने सांगितलं होतं, की ज्या भागात एकूण रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून जास्त नऊ महिन्यांखालचे आहेत तिथे सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस द्या. या वयाच्या बाळांचा धोका ठाऊक नव्हता, असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

आमच्या बाजूचंही एक सांगतो. पुरळ उठेपर्यंत गोवर आणि साधा सर्दीताप यात फरक करणं अवघड असतं. गालाच्या आतले पांढरे ठिपके दिसले तर कळतं, पण रडणाऱ्या पोराच्या तोंडात टॉर्च मारून ते शोधायला सवड आणि सवय दोन्ही लागते. रक्ततपासणीचा अहवाल यायला दिवस जातात. पण पुरळ दिसल्यानंतर अहवालाची वाट बघत बसायचं नसतं. संशय पुरतो. रात्री दोनला हलवलं म्हणजे संशय आलाच होता ना?

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी १०.१५

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मी एका मध्यम रुग्णालयाचं व्यवस्थापन बघतो. वरच्या रुग्णालयाशी माझा संबंध नाही.

डॉक्टरसाहेब म्हणतात संशय पुरतो. पुरतो, पण कुणाला? पहाटे पाच कुटुंबांना सांगायचं, की तुमच्या पोरांना गोवराची लागण झाली असेल. सातला व्हॉट्सॲपवर "अमुक हॉस्पिटलमध्ये गोवराचा उद्रेक". नऊला कुठले तरी दादा दहा मोटारसायकली घेऊन दारात. डॉक्टरांवरचे हल्ले आणि तोडफोड याविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. पण कायदा फुटलेल्या काचा बसवून देत नाही. शिवाय नंतर अहवालात निघालं, की ती खरंच औषधाची ॲलर्जी होती, तर? महिनाभर वॉर्ड रिकामा. पगार मी कुठून देऊ?

ताईंच्या बाळाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण "लपवलं" हा शब्द वापरण्याआधी त्या रात्री ड्युटीवर असलेल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा.

शनिवारपेठी | मंगळवार, सकाळी १०.२२

म्हणजे काच आणि बाळ यांत काच.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी १०.३०

असं मी म्हटलेलं नाही. टाळ्यांसाठी लिहिणं सोपं असतं.

नाइट_ड्युटी | मंगळवार, दुपारी ३.०५

आत्ता उठले. हिशेबनीस सर, तुमच्या या हिशेबात आम्ही कुठल्या रकान्यात येतो?

"औषधाची ॲलर्जी" म्हणणारी ती सिस्टर मीसुद्धा असू शकले असते. आम्हाला खरं सांगितलेलं असतं असं लोकांना वाटतं. हॅन्डओव्हर बुकात असतं, "बेड ४, रॅश, शिफ्टेड." संपलं. विचारायला जावं तर "तुझं काम कर". मी सहा महिन्यांची गरोदर असताना कांजिण्यांचा एक पेशंट "व्हायरल फीवर" या नावाखाली तीन दिवस माझ्याकडे होता. मला ते कुणी सांगितलं? पेशंटच्या मेव्हण्याने, लिफ्टपाशी. "ताई, तुम्ही अशा अवस्थेत त्यांच्याजवळ जाऊ नका, घरात आम्हा सगळ्यांना होऊन गेल्यात." त्या अनोळखी माणसाने मला जे सांगितलं ते माझ्या मॅट्रनने सांगायला हवं होतं. नशिबाने मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या. नुसतं नशीब.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ नर्सेस आणि ३ डॉक्टर कोरोनाबाधित निघाले आणि अख्खी इमारत प्रतिबंधित क्षेत्र झाली. तेव्हा सगळ्यांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या. थाळ्यांपेक्षा हॅन्डओव्हर बुकात एक खरी ओळ बरी.

सोलचा सोलापूरकर | मंगळवार, रात्री ९.४५

हिशेबनीस यांना उत्तर म्हणून लिहायला घेतलं होतं, लांबलं.

२०१५ साली नोकरीनिमित्त मी दक्षिण कोरियात, सोलच्या दक्षिणेला सुवॉन शहरात होतो. त्या उन्हाळ्यात तिथे मर्स आला. उंटांकडून माणसात आलेला, कोरोनाच्याच भावकीतला विषाणू. आखातात फिरून आलेला ६८ वर्षांचा एक गृहस्थ आजारी पडला. आपल्यासारखाच हा दवाखाना, तो दवाखाना करत फिरला. २० मे रोजी निदान झालं, तोवर तो प्योंगटेक शहरातल्या एका रुग्णालयात राहून गेला होता. तिथे आरोग्य खात्याने "निकट संपर्क" कुणाला म्हणायचं ते ठरवलं होतं: रुग्णापासून दोन मीटरच्या आत, तासभर. या मापात खोलीतले बसले, मजल्यावरचे बसले नाहीत.

त्याच मजल्यावर ३५ वर्षांचा एक तरुण दाखल होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही, कारण तो यादीतच नव्हता. घरी गेला, ताप आला, एक-दोन ठिकाणी दाखवलं, बरं वाटेना म्हणून बस धरून सोलला गेला आणि सॅमसंग मेडिकल सेंटरच्या आपत्कालीन विभागात पोहोचला. देशातलं नावाजलेलं रुग्णालय. इतकं, की आपत्कालीन विभागातही खाट मिळायला दिवसच्या दिवस लागायचे. २७ ते २९ मे असे तीन दिवस तो तिथे खोकत होता. हा माणूस कुठल्या मजल्यावरून आलाय हे सॅमसंगच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. त्याच्या एकट्यापासून ऐंशीहून जास्त लोकांना लागण झाली. त्यात पेशंट होते, सोबत बसलेले नातेवाईक होते, भेटायला आलेले होते. कोरियातही पेशंटबरोबर घरचं माणूस वॉर्डात मुक्कामाला असतं आणि बघायला सगळी भावकी येते. सोलापूरचं सिव्हिल आठवावं, फक्त फरशा जास्त चकचकीत.

आता मुद्द्याचं. सरकार म्हणालं, रुग्णालयांची नावं सांगणार नाही, घबराट पसरेल. हिशेबनीसांचीच भाषा. झालं काय? घबराट पसरलीच, आणि नाव माहीत नसल्याने सगळ्याच रुग्णालयांबद्दल पसरली. काही तरुणांनी इंटरनेटवर नकाशा काढला आणि लोक त्यात ऐकीव नावं भरू लागले. आमच्या ऑफिसात रोज नवी यादी फिरायची. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, शाळा बंद झाल्या. बायकोच्या दाताचं काम होतं, तर दंतवैद्याकडे जायचीही भीती. ४ जूनच्या रात्री सोलच्या महापौरांनी केंद्र सरकारला न जुमानता स्वतः पत्रकार परिषद घेतली. शेवटी ७ जूनला सरकारने २४ रुग्णालयांची नावं जाहीर केली, आणि त्या यादीतही चुका निघाल्या, काही तासांत दुरुस्त करावी लागली. अठरा दिवस लपवून ठेवलेली गोष्ट घाईत सांगायला गेलं की असं होतं.

शेवटचा हिशेब: १८६ जणांना लागण, ३८ मृत्यू, सोळा हजारांहून जास्त लोक विलगीकरणात. सॅमसंगचं ते रुग्णालय जूनच्या मध्यापासून महिनाभर जवळजवळ बंद. २३ जूनला सॅमसंगच्या घराण्याचे वारस ली जे-योंग टीव्हीवर कमरेत वाकून माफी मागत होते. आम्ही कॅन्टीनमध्ये जेवता जेवता ते बघत होतो. कुणी चॉपस्टिक उचलत नव्हतं.

हिशेबनीस, तुमचा वॉर्ड महिनाभर रिकामा राहायची भीती खरी आहे. पण त्यांचाही रिकामाच राहिला, सगळं करून सवरून.

बाळगुटी | मंगळवार, रात्री १०.२०

दोन मीटर आणि तासभर! गोवराला असलं माप लावलं असतं तर डोक्याला हात लावला असता. उत्तम प्रतिसाद.

आप्पा_निवृत्त | बुधवार, सकाळी ७.१०

आमच्या लहानपणी गोवर आला की घरात आनंद असायचा, एकदाचा येऊन गेला म्हणून. दाराला कडुनिंबाचा पाला, खाटेवर पाला, भाजीला फोडणी नाही, बस. सात दिवसांत पोर खेळायला बाहेर. एवढा बाऊ कधी कुणी केला नाही. हल्लीची पिढी हळवी झालीय.

बाळगुटी | बुधवार, सकाळी ७.५५

आप्पा, वयाचा मान ठेवून सांगतो. जी पोरं सात दिवसांत खेळायला बाहेर आली तीच आज आठवणी सांगायला आहेत. जी आली नाहीत त्यांचे फोटोही नाहीत. तुमच्या पिढीतल्या कुठल्याही आजीला विचारा किती बाळंतपणं आणि किती हाती लागली.

आणि गोवर "येऊन गेला" म्हणजे गेला असंही नाही. आधीच्या आजारांशी लढून शरीराने जमवलेली प्रतिपिंडं तो पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवरानंतर नाहीशी झालेली दिसली. रानजाई ताई, म्हणून पुढचे काही महिने बाळाच्या तापाकडे दुर्लक्ष नको. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस दिलेत ना, तेवढं बघा. नऊ महिने पूर्ण झाले की ठरलेली लस द्यायचीच, "होऊन गेलाय आता" म्हणून सोडायची नाही.

रानजाई | बुधवार, सकाळी ८.३०

हो डॉक्टर, दोन्ही डोस दिलेत. बाकी लिहून घेतलं, फ्रीजवर चिकटवते.

गलाईवाला विटेकर | बुधवार, दुपारी १.४०

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. सोनं-चांदी गलाईचा आमचा धंदा, केरळात कालिकतला वीस वर्सं झाली. ल्हितोय तसं गोड मानून घ्या.

२०१८ च्या मे म्हयन्यात हितं निपा आला. पैला पोरगा पेरांब्राच्या तालुका दवाखान्यात दाखल झाला तवा कुनालाच ठावं न्हवतं ह्यो काय आजार हाय. त्येला बगनारी नर्स त्यातच गेली, दोन बारकी पोरं मागं ठिवून. पोराला फुडं कालिकतच्या मेडिकल कॉलेजात हलवलं. तितं स्कॅनच्या दारात थांबला हुता, त्या बोळात बसल्याल्या मानसास्नी लागलं. कोन कुनाचा, कोन कशासाटी आल्याला. पोराचा भाऊ आजारी पडला तवा डाक्टरास्नी वास आला. मणिपालच्या लॅबनं आन् मग आपल्या पुन्याच्या एनआयव्हीनं, म्हंजी विषाणू तपासायच्या सरकारी संस्थेनं, निपाच म्हणून सांगितलं.

तितनं फुडं मातर सरकारनं तोंड बंद ठिवलं न्हाई. शैलजा टीचर, आरोग्य मंत्री हुत्या, रोज बसून आकडे सांगायच्या. आज कोन गेलं, कोन वाचलं, कुटल्या तारखंला कुटल्या जागी कोन हुता. त्या टायमाला तितं असशीला तर हेल्पलायनीला फोन कर. दोन हजाराच्या वर मानसांची यादी केली, रोज फोन. आमच्या वळखीच्या एका मानसाला बी दोन आटवडं रोज फोन यायचा, ताप हाय का, खोकला हाय का. १७ जन गेली, दोगं वाचली. जूनच्या शेवटाला सपलं.

पर दुसरी बाजू बी सांगतो. पेरांब्राचं नाव सगळ्यास्नी कळलं तर तितल्या नर्सास्नी बसमदी कुनी शेजारी बसू देईना, रिक्षावालं घेईनात. हिशेबनीस सायेब म्हंत्यात त्ये अगदीच खोटं न्हाई. आमच्या बाजारात बी म्हयनाभर गिऱ्हाईक फिरकलं न्हाई. पर कुनी म्हनलं न्हाई की सांगायला नगं हुतं.

नाइट_ड्युटी | बुधवार, दुपारी २.१५

दादा, त्या नर्सबद्दल तेव्हा वाचून रडले होते. तुम्ही लिहिलंत छान.

बसचं म्हणाल तर २०२० मध्ये आमच्याही घरमालकाने सामान बाहेर काढायला सांगितलं होतं. त्याच आठवड्यात त्यानेही थाळी वाजवली होती.

गिरणगावकर | बुधवार, रात्री ११.०५

दोन ओळी इतिहासाच्या, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

ऑक्टोबर १८९६. मुंबईत प्लेग. सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला होता. आर्थर रोडवरच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, सुमारे हजार गिरणी कामगार चाल करून गेले. का? माणूस आत नेतात आणि प्रेत बाहेर येतं, मधलं कुणी सांगत नाही. मधली जागा मोमिआईच्या गोष्टींनी भरली: आत माणसं उलटी टांगून त्यांचं तेल काढतात. हसू येतं ना? घरच्यांना आत जाऊ दिलं असतं, काय चाललंय ते मराठीत सांगितलं असतं, तर ही गोष्ट एवढी चालली नसती असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी चार कलमांचा साथरोग कायदा आला, पुण्यात रँडसाहेब आले, घरांच्या झडत्या झाल्या आणि २२ जूनला गणेशखिंडीत काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच साथीत हडपसरच्या बाजूला मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले स्वतः रुग्ण आणत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तेच शहर, तोच रोग.

गंमत म्हणजे १८९७ चा तोच कायदा घेऊन आपण कोरोनापर्यंत आलो. सरकारने काय काय करावं ते त्यात आहे. वॉर्डातल्या शेजारच्या आईला काय कळलं पाहिजे, ते नाही.

चहाटळ | बुधवार, रात्री ११.२०

मोमिआईची जागा आता फॉरवर्डेड मेसेजने घेतली, एवढाच फरक.

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ९.५०

सोलापूरकर आणि विटेकर दोघांचंही वाचलं. काल आमच्या संसर्ग नियंत्रण समितीच्या सिस्टरना विचारलं, असा प्रसंग आला तर आपल्याकडे वॉर्डातल्या इतर पालकांना कोण सांगतं? त्यांनी फाइल काढली. महापालिकेला कळवायचा नमुना आहे. विलगीकरणाची पद्धत आहे. कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत टाकायचा ते आहे. पालकांना सांगण्याबद्दल काहीही नाही. समितीच्या बैठका दर महिन्याला होतात, मी स्वतः बसतो. हा प्रश्न कधी आलाच नाही.

तोडफोडीबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. पण डिस्चार्ज कार्डासोबत एक छापील चिठ्ठी द्यायला काच फुटत नाही, हे मान्य.

बाळगुटी | गुरुवार, सकाळी १०.०५

चिठ्ठीचा मजकूर मी लिहून देतो, फुकट. पाच ओळी: वॉर्ड, तारीख आणि वेळ, आजाराचा संशय, किती तासांत डॉक्टरांना भेटायचं, फोन नंबर. रुग्णाचं नाव कुठेच लागत नाही. ज्यांचा आधीच डिस्चार्ज झालाय त्यांना मात्र फोनच करावा लागेल.

शनिवारपेठी | गुरुवार, सकाळी १०.४०

हिशेबनीस, मंगळवारची काचेची कोटी मागे घेतो. अर्धी.

रानजाई | शुक्रवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही, धावपळ चालू होती.

काल महापालिकेच्या आरोग्य विभागात गेले. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे आणि तक्रार निवारण कक्षही आहे असं मावसभावाने सांगितलं होतं, म्हणून लेखी अर्ज घेऊनच गेले. तिथल्या डॉक्टर बाई चांगल्या होत्या. रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "त्यांनी तर आम्हाला कळवलंय. संशयित गोवर, एक रुग्ण. मुलीला हलवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाची नोंद आहे." मला आधी नीट कळलंच नाही. सकाळी साडेदहाला त्यांनी महापालिकेला गोवर म्हणून कळवलं, आणि दुपारी एकला आम्हाला "ॲलर्जी" म्हणून घरी पाठवलं. मधल्या अडीच तासांत माझी बहीण त्याच वॉर्डात बिलाची वाट बघत बसली होती.

बाई म्हणाल्या, त्या मुलीच्या घराच्या आसपास सर्वेक्षण झालं, आशा जाऊन आल्या, लसी दिल्या. वॉर्डातल्या बाकी खाटांचं काय, विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. यादी रुग्णालयाकडून मागवायला हवी होती, म्हणाल्या. मग माझ्यासमोरच फोन लावला आणि मागवली.

आणि एक. खिडकीजवळच्या खाटेवर पाच महिन्यांचं एक बाळ होतं, मजुरी करणाऱ्या जोडप्याचं. त्याच्या आईचा नंबर बहिणीने ओआरएसच्या रिकाम्या पाकिटावर लिहून घेतला होता. आज ते पाकीट डायपर बॅगेच्या कप्प्यात सापडलं. फोन लावला तर तिच्या दिराने उचलला. म्हणाला, बाळाच्या अंगावर "उष्णता उठली" म्हणून ती त्याला घेऊन गावी गेलीय, आठ दिवस झाले. गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या पुढे. तिच्याकडे फोन नाही. घरात अजून दोन लहान पोरं आहेत, लस झाली की नाही त्याला माहीत नाही.

तिकडच्या आशाताईंपर्यंत कसं पोहोचायचं? कुणाची ओळख आहे?

बाळगुटी | शुक्रवार, रात्री १०.३८

गावाचं नाव मला व्यनि (खासगी निरोप) करा, धाग्यावर नको. तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माझ्या बॅचची एक डॉक्टर होती, आता बदली झाली असेल तरी ती नंबर देईल. आत्ताच फोन करतो.

गलाईवाला विटेकर | शुक्रवार, रात्री १०.४४

जिंतूरला आमच्या पावन्याचं दुकान हाय, गलाईचंच. गाडी हाय त्येच्याकडं. मला बी व्यनि करा ताई.

रानजाई | शुक्रवार, रात्री १०.४६

दोघांना केला.